वही शाबूत, दार बंद

‘सर, फाइल उघडंना गेली. आतलं सगळं गेलं का काय?’

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदकडे संगणकाचं काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. विचारणारा कधी शाळेतला क्लार्क असतो, कधी सोसायटीचा सचिव, कधी देवस्थानाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा. खिशातल्या पेनड्राइव्हवर वीस वर्षांपूर्वीची एक्सेल फाइल असते. नव्या संगणकावर तिच्यावर डबल क्लिक केलं की इंग्रजीत एक चौकट येते. तिचा अर्थ असा, की तुम्ही ज्या प्रकारची फाइल उघडताय तो प्रकार ट्रस्ट सेंटर या एक्सेलच्या सुरक्षा विभागातल्या फाइल ब्लॉक सेटिंगने अडवलेला आहे.

‘ब्लॉक’ हा शब्द वाचला की पोटात गोळा येतो. मग दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी फाइल खराब झाली असं समजून कागदावरून सगळे आकडे पुन्हा टाइप करायला बसतो. किंवा शेजारचा एखादा मुलगा येतो, संगणकातली सगळी सुरक्षा काढून टाकतो, फाइल उघडून देतो आणि जातो. पहिल्यात महिनाभराची मेहनत वाया जाते. दुसऱ्यात संगणकाचं दार कायमचं उघडं राहतं. दोन्ही टाळता येतं, फक्त त्या चौकटीचं म्हणणं समजून घ्यायला हवं.

१. ‘गेली’ आणि ‘अडवली’

‘गेली’ आणि ‘अडवली’ यांतला फरक कळायला आपल्याकडच्या जुन्या कागदांचं उदाहरण घेऊ. बीदर आणि गुलबर्गा (2014 पासून अधिकृत नाव कलबुर्गी) हे जिल्हे 1956 पर्यंत आधी हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चालायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि ट्रंकेत उर्दूतले कागद, अशी इथल्या कितीतरी कुटुंबांची स्थिती आहे. जमिनीचा वाद निघाला की जुनी खासरा पाहणी शोधावी लागते आणि जुना उर्दू किंवा मोडी कागद वाचून देणारा माणूस गाठावा लागतो.

तो माणूस मिळत नाही तोवर कागद मुका असतो. पण त्यातली जमीन नाहीशी झालेली नसते. सर्व्हे नंबर, एकर, गुंठे सगळं जिथल्या तिथे असतं. अडचण वाचणाऱ्याची असते.

अडवलेल्या फाइलचंही तेच. एक्सेल म्हणतं आहे, ‘हा घाट, म्हणजे फाइलची आतली मांडणी, मला वाचता येतो, पण तो वाचण्याची माझी जुनी पद्धत सुरक्षित राहिलेली नाही, म्हणून मी थांबलो.’ फाइलमधला एकही आकडा यात हललेला नसतो. खरोखर खराब झालेली फाइल वेगळा निरोप देते. ती दुरुस्त करू का असं विचारते किंवा फाइल बिघडलेली आहे असं सरळ सांगते. चौकटीत ‘ब्लॉक’ हा शब्द असेल तर वही शाबूत आहे असं धरून पुढे चला.

२. फाइलचं वय तारखेवरून कळत नाही

एक्सेलची विंडोजवरची पहिली आवृत्ती 1987 ची. त्यानंतर 1992 च्या एक्सेल 4 पर्यंत फाइलचा घाट थोडाथोडा बदलत गेला. 1993 च्या एक्सेल 5 मध्ये तो पुष्कळ बदलला. एक्सेल 97 मध्ये आणखी एक घाट आला आणि तो एक्सेल 2003 पर्यंत टिकला. त्यात एका शीटवर 65,536 ओळी आणि 256 स्तंभ मावत. 2007 पासून आजचा घाट सुरू झाला. त्यात 10,48,576 ओळी मावतात आणि फाइलच्या नावाची शेपटी एक्सएलएसच्या जागी एक्सएलएसएक्स झाली.

गोंधळ होतो तो यामुळे, की 2007 च्या आधीच्या सगळ्या घाटांची शेपटी एकच आहे, एक्सएलएस. 1988 ची फाइल असो की 2003 ची, बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात.

आता समजा, एका सोसायटीची फाइल 2004 सालची आहे. सचिव म्हणतात, ‘त्या वेळी तर एक्सेल 2003 होतं. ते नव्या एक्सेलमध्ये उघडतं. मग हीच का अडते?’ शंका रास्त आहे. याचं उत्तर बहुतेक वेळा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत सापडतं. सोसायट्या, पतसंस्था, दुकानं यांचे हिशेब त्या काळी सर्रास फॉक्सप्रोत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालत. त्यातून यादी एक्सेलमध्ये काढायची तर एक आज्ञा देत. त्या आज्ञेत नुसतं ‘एक्सएलएस’ लिहिलं तर फॉक्सप्रो एक्सेल 2 च्या घाटाची फाइल बनवून द्यायचं, जिच्यात जेमतेम 16,384 ओळी मावतात. म्हणजे तारीख 2004 ची आणि घाट 1987 चा. सभासदांची यादी लांबलचक असेल तर ती त्या मर्यादेवर तुटलेली नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या. तुटली असेल तर दोष आजच्या अडवणुकीचा नाही. ती त्याच दिवशी अपुरी निघाली होती.

घाट ओळखायला एक साधी परीक्षा आहे. फाइलची एक प्रत काढा. ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. पडदा निरर्थक खुणांनी भरेल, त्याने गडबडू नका, फक्त पहिली दोन अक्षरं बघा. पी आणि के ही रोमन अक्षरं दिसली तर फाइल नव्या घाटाची आहे. नव्या फाइल्स आतून झिप गठ्ठे असतात आणि झिपचा घाट बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची ही आद्याक्षरं आहेत. आडवी रेघ मारलेला डी आणि डोक्यावर दोन टिंबं असलेला आय दिसला तर ती एक्सेल 5 ते 2003 या काळातली. सुरुवातीलाच ‘टेबल’ किंवा ‘एचटीएमएल’ असे शब्द कोनी कंसात दिसले तर ती एक्सेल फाइल नाहीच. कुठल्यातरी पोर्टलने वेबपान बनवून त्याला एक्सएलएसची शेपटी लावली आहे. यांपैकी काहीच नसेल तर ती बहुधा एक्सेल 4 किंवा त्याआधीच्या घाटाची आहे. नोटपॅड बंद करताना सेव्ह करू नका. परीक्षा प्रतीवर करायची ती याचसाठी.

३. दरवानाला भीती कशाची?

‘अहो, आमची फाइल म्हणजे शंभर सभासदांची नावं आणि हप्ते. तिच्यात कसला आलाय धोका?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

एक्सेलची फाइल नुसती वही नसते. तिच्यात आज्ञाही लिहून ठेवता येतात. ‘उघडल्याबरोबर हे कर, मग ते कर’ अशा आज्ञांच्या मालिकेला मॅक्रो म्हणतात. महिन्याचा ताळेबंद एका बटणावर निघतो तो मॅक्रोमुळे. पण बटण दाबून ताळेबंद काढणारी आज्ञा लिहिता येते, तशी गुपचूप दुसऱ्या फाइल्समध्ये शिरणारी आज्ञाही लिहिता येते. 1996 मध्ये लारू नावाचा एक्सेलमधला पहिला मॅक्रो विषाणू सापडला. एक्सेल सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या फोल्डरमध्ये तो स्वतःची एक प्रत ठेवायचा आणि मग त्या संगणकावर उघडलेल्या प्रत्येक फाइलमध्ये उतरायचा. 1992 च्या एक्सेल 4 मधली मॅक्रोची पद्धत तर याहून जुनी आहे. तिला इतकी वर्षं कुणी फारसं विचारत नव्हतं, आणि लबाडांनी नेमकी तीच हेरली. शेवटी जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ते जुने मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

दुसरा धोका मॅक्रो नसलेल्या फाइलमध्येही असतो. जुना घाट वाचणारा जो भाग एक्सेलमध्ये आहे, तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेला आहे. त्या काळी फाइल ओळखीच्या माणसाच्या हातून फ्लॉपीवर यायची. कुणीतरी मुद्दाम वेडीवाकडी फाइल बनवून जगभर पाठवील, हा विचार तो भाग लिहिणाऱ्यांच्या मनात नव्हता. साधं उदाहरण घ्या. फाइलमध्ये लिहिलं आहे, ‘पुढे दहा अक्षरांचं नाव आहे.’ जुना वाचक दहा घरांची जागा करतो. प्रत्यक्षात नाव दहा हजार अक्षरांचं निघालं तर? दहा पायल्यांच्या कणगीत शंभर पायल्या ओतल्या की धान्य बाहेर सांडून शेजारच्या खोलीत जातं. संगणकाच्या स्मृतीत अशी शेजारच्या खोलीत सांडलेली अक्षरं आज्ञा म्हणून चालवली जाऊ शकतात. फाइल उघडणं एवढंच निमित्त त्याला पुरतं.

यावर एकदा जाहीर वादही झाला होता. सप्टेंबर 2007 मध्ये ऑफिस 2003 साठी तिसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्याने वर्ड आणि एक्सेलच्या जुन्या घाटांच्या, तसंच लोटस 1-2-3, क्वाट्रो प्रो यांच्या फाइल्स उघडणं बंद केलं. लोकांनी तक्रारी केल्या. हे घाटच असुरक्षित आहेत, असं मायक्रोसॉफ्टने आधी म्हटलं होतं. जानेवारी 2008 मध्ये त्यांना ते मागे घ्यावं लागलं. दोष घाटाचा नसून तो वाचणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमचा आहे, अशी कबुली त्यांनी दिली. मला ही कबुली महत्त्वाची वाटते. ज्या माणसाने वीस वर्षं इमानाने हिशेब ठेवला, त्याची वही ‘धोकादायक’ नसते. तिच्याच घाटात दुसऱ्या कुणीतरी बनवलेली फाइल धोकादायक असू शकते, आणि दरवानाला, म्हणजे एक्सेलला, दोघींतला फरक बाहेरून कळत नाही. म्हणून तो दोघींना अडवतो.

४. पिवळी पट्टी, लाल पट्टी

अडवणूक एकाच प्रकारची नसते, आणि प्रत्येकीचं कारण निराळं.

पिवळी पट्टी आली आणि मजकूर दिसतोय पण बदलता येत नाही, तर त्याला प्रोटेक्टेड व्ह्यू म्हणतात. ऑफिस 2010 पासून तो आहे. काचेच्या कपाटातली पोथी बघावी तसा मजकूर वाचा, हात लावू नका. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं, ‘ही बाहेरून आली आहे.’ पट्टी त्या शिक्क्यामुळे येते. फाइल कुणी पाठवली हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हा शिक्का विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकतो. बहुतेक पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीचे असतात आणि त्यावर कॉपी झाली की शिक्का पुसला जातो. त्यामुळे ‘पेनड्राइव्हवरून उघडली, पट्टी आली नाही, म्हणजे फाइल चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे.

लाल पट्टी दोन कारणांनी येते. एक म्हणजे फाइलची आतली मांडणी नियमात बसत नाही. इथे थांबा, घाईने पुढे जाऊ नका. दुसरं म्हणजे बाहेरून आलेल्या फाइलमध्ये मॅक्रो आहेत आणि ते रोखले आहेत. 2022 पासून असे मॅक्रो मुळातच बंद असतात. आकडे तरीही दिसतात, फक्त बटणं चालत नाहीत. जुन्या हिशेबातले आकडेच हवे असतील तर मॅक्रोला हात लावायची गरजच नाही.

शेपटी आणि आतला घाट जुळत नाही असा इशारा आला तर ते आपण वर पाहिलेलं वेबपान असण्याची शक्यता मोठी. माहितीतल्या पोर्टलवरून स्वतः उतरवली असेल तर उघडा आणि लगेच नव्या घाटात सेव्ह करा.

आणि चौथी, आपली मूळची, फाइल ब्लॉकची चौकट.

५. उघडायची कशी

आधी मूळ फाइल जशी आहे तशी एका फोल्डरमध्ये ठेवा. यापुढचं सगळं काम प्रतीवर करायचं. प्रतीवर उजवं बटण दाबून विंडोजच्या डिफेंडरने ती तपासून घ्या.

माझा सल्ला विचाराल तर पहिला प्रयत्न एक्सेलमध्ये करूच नका, लिबरऑफिसमध्ये करा. हा संच फुकट मिळतो. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून तो वेगळा झाला आणि जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळतात. त्यातलं कॅल्क जुन्या एक्सेलचे घाट वाचतं, फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल्स वाचतं, लोटस 1-2-3 सुद्धा वाचतं. अनोळखी मॅक्रो ते आपोआप चालवत नाही. फाइल उघडली की ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन एक्सएलएसएक्स निवडा. झालं. मोडी वाचणाऱ्याने कागद देवनागरीत उतरवून दिला, आता तो कुणालाही वाचता येईल.

लिबरऑफिस घालायची सोय नसेल तर एक्सेलमधून असं करा. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज आणि मग फाइल ब्लॉक सेटिंग्ज. तिथे घाटांची यादी दिसेल, एक्सेल 2 पासून पुढे. प्रत्येकासमोर ‘ओपन’ आणि ‘सेव्ह’ अशी दोन घरं. खूण केलेलं घर म्हणजे अडवलेला घाट. आधी मोबाइलवर या पानाचा फोटो काढून ठेवा. मग चौकटीत ज्या घाटाचं नाव आलं होतं, फक्त त्याच्या ‘ओपन’समोरची खूण काढा, बाकीच्यांना हात लावू नका. फाइल उघडा, नव्या घाटात सेव्ह करा, बंद करा. पुन्हा त्याच पानावर जा आणि फोटो बघून खूण होती तशी करा. शेवटची पायरी नेमकी विसरली जाते, आणि मग ते दार वर्षानुवर्षं उघडं राहतं.

त्या पानावरची घरं पुसट दिसत असतील आणि क्लिक होत नसेल तर तो संगणक कुठल्यातरी कार्यालयाच्या नियमाखाली आहे. तिथे वाट काढू नका. संगणक विभागाला सांगा किंवा घरच्या संगणकावर रूपांतर करा.

दोन गोष्टी मात्र करू नका. डाउनलोड्सचं अख्खं फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन’मध्ये टाकू नका. उद्या तिथे काय उतरेल हे तुम्हाला ठाऊक नसतं. आणि सभासदांची नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक असलेली फाइल कुठल्याही फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. ती माहिती तुमची एकट्याची नाही.

६. उघडली, पण ‘बीदर’ कुठे आहे?

आपल्या भागात गोष्ट इथे संपत नाही. फाइल उघडते, आकडे दिसतात आणि गावाच्या स्तंभात सी-एच-एन-जे अशी चार रोमन अक्षरं दिसतात. माणूस पुन्हा घाबरतो.

ही चार अक्षरं म्हणजेच ‘बीदर’. युनिकोड रुळायच्या आधी देवनागरीला संगणकात स्वतःचे क्रमांक मिळालेले असले तरी रोजच्या कामात ते वापरात नव्हते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवली. कृतिदेव फॉन्टमध्ये सी दाबला की ब दिसतो, एच म्हणजे दीर्घ वेलांटी, एन म्हणजे द, जे म्हणजे र. फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरंच, देवनागरी फक्त दिसते. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. श्रीलिपी, शिवाजी, आकृती यांचे मुखवटे निराळे, आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. कन्नडसाठी नुडी आणि बरह, त्यांची मांडणी आणखी वेगळी.

सीमाभागातल्या एकाच शीटवर हे सगळं एकत्र असू शकतं. सभासदाचं नाव मराठी फॉन्टमध्ये, कार्यालयाला पाठवायचा स्तंभ नुडीत, शेरा इंग्रजीत. अशी शीट उचलून सगळीच्या सगळी कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकली तर मराठी सुधारते, पण कन्नडचा आणि इंग्रजीचा चुराडा होतो. म्हणून एकेक स्तंभ घ्या. मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टचं नाव वाचा. नव्या संगणकावर फॉन्ट नसला तरी नाव तिथे बहुधा टिकलेलं असतं. ज्या स्तंभाचा जो फॉन्ट, त्याच्याच कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणा आणि शेजारच्या रिकाम्या स्तंभात ठेवा. जुना स्तंभ लगेच पुसू नका. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास घोटाळे होतात, तेव्हा ‘धर्माजी’, ‘विठ्ठल’, ‘कृष्णाबाई’ अशी नावं डोळ्यांनी तपासा. रकमेचे स्तंभ कन्व्हर्टरमध्ये टाकूच नका, तिथे सुधारायचं काही नसतं.

७. जुळणी

शेवटी टाचण घ्या. जुन्या फाइलमधल्या एकूण ओळी, नव्या फाइलमधल्या एकूण ओळी. रकमेच्या प्रत्येक स्तंभाची बेरीज, दोन्हीकडची. छापील वही असेल तर मार्चअखेरची शिल्लक. तारखांचा स्तंभ वेगळा पाहा. पूर्वीच्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये दिवस 1904 पासून मोजत, विंडोजवर 1900 पासून. दोन फाइल्समधली माहिती एकत्र चिकटवताना त्यामुळे तारखा 4 वर्षं आणि 1 दिवसाने सरकू शकतात.

जुळलं की नव्या फाइलच्या नावात वर्ष आणि रूपांतराची तारीख लिहा. मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये, नाव न बदलता, शेजारी राहू द्या. जमिनीचा उर्दू कागद देवनागरीत उतरवून घेतला तरी घरातलं कुणी मूळ कागद फेकून देत नाही, तसं.

मग सचिवांना फोन करा आणि सांगा, ‘काका, सगळं हाय. एक आकडा बी गेला नाही.’